घरच्या घरी डोळ्याचं प्रेशर कसं मोजायचं: काचबिंदूवाल्या नवख्यांसाठी

काचबिंदू निघाला की आपलं प्रेशर वर्षातून तीनचार वेळा मोजलं जातं, तेही दिवसाउजेडी, खुर्चीत ताठ बसवून, आणि तो आकडा फायलीत लिहिला की पुढचे तीन महिने डोळ्यात काय चाललंय ते कुणालाच कळत नाही. आता डोळ्याचं प्रेशर काही दिवसभर एकसारखं नसतं. धडधाकट डोळ्यातसुद्धा ते दिवसभरात ३ ते ६ पॉइंट (एक पॉइंट म्हणजे पाऱ्याचा एक मिलीमीटर, mmHg) वरखाली होतं आणि काचबिंदूच्या डोळ्यात हा फरक १० च्या वरही जाऊ शकतो. त्यातून बऱ्याच जणांचं सगळ्यात जास्त प्रेशर रात्री आडवं झाल्यावर किंवा पहाटे असतं, म्हणजे नेमकं तेव्हा, जेव्हा दवाखाना बंद असतो.

माझंच सांगते. दवाखान्यात दर वेळी १५, १६. डॉक्टर खूश, मी पण खूश, आणि तरी फील्ड टेस्टमध्ये, म्हणजे नजरेचा घेर तपासतात त्यात, काळा भाग वाढतच चाललेला. शेवटी डॉक्टरच म्हणाले की घरी मोजून बघूया. पहिल्या नीट आठवड्यात सकाळी उठल्याउठल्या २३, २४ येत होतं आणि अकरा वाजेपर्यंत ते १६ वर उतरत होतं, म्हणजे मी रोज पहाटे प्रेशर चढवून दवाखान्यात साळसूद चेहऱ्यानं जात होते.

तर घरी प्रेशर मोजायचं हे मशीन कसं वापरायचं, कधी मोजायचं आणि आलेल्या आकड्यांचं करायचं काय, हे नवीन माणसाला कळेल असं लिहिते. एक गोष्ट आधीच सांगून टाकते, हे मशीन औषध ठरवायला नाही. प्रेशर दिवसभर कसं फिरतं त्याचं चित्र डॉक्टरांपुढे ठेवायला आहे. हे एकदा डोक्यात बसलं की निम्म्या चुका होतच नाहीत.

मशीन करतं तरी काय

घरी वापरायचं जे मशीन सगळ्यात जास्त चालतं ते फिनलंडच्या आयकेअर कंपनीचं. त्यांचं आयकेअर होम हे मॉडेल अमेरिकेत २०१७ मध्ये मंजूर झालं आणि आता होम टू आलंय. यात एक बारीक तारेसारखा प्रोब असतो, टोकाला प्लास्टिकचा इवलासा गोळा. बटण दाबलं की आतलं चुंबक तो प्रोब पुढे ढकलतं, तो बुबुळाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या, मधोमध अलगद टेकतो आणि उलटा फिरतो. डोळा जितका टणक तितका तो पटकन थांबतो आणि जोरात परततो, त्यावरून मशीन प्रेशर काढतं. चेंडू दगडी फरशीवर आणि गादीवर टाकून बघा, तोच प्रकार. म्हणून याला रिबाउंड टोनोमीटर म्हणतात, टोनोमीटर म्हणजे डोळ्याचं प्रेशर मोजायचं यंत्र.

टेकणं इतकं हलकं आणि झटपट असतं की डोळा बधिर करायचे थेंब लागत नाहीत. पहिल्यांदा मी दात आवळून बसले होते आणि कळलंच नाही की झालं पण. पापणीच्या केसाला प्रोब लागला तर मात्र गुदगुली होते आणि डोळा आपोआप मिटतो.

एका मोजणीत मशीन ६ वेळा टेकवतं, त्यातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा आकडा टाकून देतं आणि उरलेल्या ४ ची सरासरी देतं. म्हणून ६ पूर्ण होण्याआधी मशीन डोळ्यापासून काढू नका.

बोटानं पापणी दाबून डोळा कडक वाटतो का बघणं हा मोजण्याचा प्रकार नाही, त्यानं फार तर डोळा दगडासारखा झालाय का एवढंच कळेल, आणि तेही डॉक्टरांच्या बोटाला. मध्ये एक पेनसारखं यंत्र पण आलं होतं, पापणीवरून दाबायचं आणि डोळ्यात उजेडाचं कडं दिसलं की आकडा वाचायचा. त्याचे आकडे दवाखान्यातल्या आकड्यांशी नीट जुळेनात.

घ्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा, आणि खरंच विचारा

मशीन महाग आहे. त्यामुळे पहिल्यांदा भाड्यानं किंवा दवाखान्याकडून काही दिवस वापरायला मिळतं का ते बघा. खूप जणांना एकदोन आठवड्यांत हवी ती माहिती मिळून जाते आणि मग विकत घ्यायची गरजच उरत नाही.

सगळ्यांना हे चालत नाही. डोळे आलेले असतील, डोळ्याला नुकता मार बसला असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत हात लावायचा नाही. बुबुळावर मधोमध जुना डाग किंवा व्रण असेल, डोळा सारखा हलत असेल, चष्म्याचा सिलिंडर नंबर खूप जास्त असेल तर आकडा भरवशाचा येत नाही. हाताला कंप असेल, संधिवातानं बोटं नीट वळत नसतील, किंवा फील्ड, म्हणजे नजरेचा घेर, इतकं गेलं असेल की मशीनमधला उजेड दिसतच नाही, तर घरातल्या कुणालातरी शिकवून त्यांच्याकडून मोजून घेता येईल का ते विचारा.

आणि शिकणं दवाखान्यातच. तिथे तुमच्याकडून स्वतः मोजून घेतात आणि लगेच त्यांच्या मोठ्या मशीनवर, म्हणजे निळ्या उजेडाच्या गोल्डमन टोनोमीटरवर, पुन्हा मोजतात. दोन्हीत ५ च्या आत फरक आला तर तुमचा हात बसला असं साधारण धरतात. माझा पहिल्या दिवशी बसला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागलं, त्यात लाजायचं काही नाही.

बुबुळाची जाडी मोजली नसेल तर तीही मोजून घ्या. सरासरी जाडी साधारण ५४० मायक्रॉन असते. बुबुळ पातळ असेल तर मशीन प्रेशर कमी दाखवतं, जाड असेल तर जास्त. ज्यांनी चष्मा घालवायला लेझर केलंय त्यांचं बुबुळ पातळ झालेलं असतं, त्यामुळे त्यांनी १४ आला म्हणून निवांत होऊ नये.

आता प्रत्यक्ष मोजायचं कसं

सगळ्यात आधी हात धुवा आणि नीट कोरडे करा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा, चष्मा काढा. मशीनमध्ये तारीखवेळ बरोबर आहे ना बघा, कारण वेळ चुकली तर सगळा तक्ता फुकट. गळ्याशी आवळलेली कॉलर, टाय, स्कार्फ असेल तर सैल करा, मानेच्या शिरा दाबल्या गेल्या की डोळ्याचं प्रेशर वाढतं. मग पाच मिनिटं शांत बसा. जिना चढून आलात, जोरात खोकलात, जड काही उचललंत, आत्ताच घरात भांडण झालंय, तर थोडं थांबा. (भांडणानं किती वाढतं माहीत नाही, पण भांडून आल्यावर माझा हात थरथरतो हे नक्की.)

प्रोब दर वेळी नवीन. तो छोट्या नळीत बंद येतो, नळी उघडून उलटी करायची आणि प्रोब थेट मशीनच्या भोकात सोडायचा. बोटांनी टोकाला शिवायचं नाही, आणि शिवलात किंवा खाली पडला तर तो टाकून द्यायचा, पुसून वापरायचा नाही. प्रोब आत गेला की एकदा बटण दाबायचं म्हणजे मशीन त्याला पकडून ठेवतं. हे विसरून मशीन तोंडाकडे वळवलंत की प्रोब घरंगळून मांडीवर. पहिल्या आठवड्यात मी असे चार प्रोब वाया घालवले आणि ते काही स्वस्त नसतात.

मशीनला दोन टेकू असतात, एक कपाळाला लागतो, एक गालाला. ते पुढेमागे करून प्रोबचं टोक बुबुळापासून ४ ते ८ मिलीमीटरवर आणायचं. दवाखान्यात शिकवताना तुमच्या चेहऱ्याला जी सेटिंग बसली ती लिहून ठेवा, टेकूवर आकडे असतात. उजव्या आणि डाव्या डोळ्याची सेटिंग वेगळी निघू शकते.

आता आरशाकडे नाही, भिंतीवरच्या एखाद्या खुणेकडे बघत ताठ बसा. मशीन डोळ्यासमोर आणा आणि सरळ त्याच्या आत बघा. आत उजेडाचं कडं दिसतं. मशीन सरळ असेल तर हिरवं, आणि प्रोबच्या भोवती सगळीकडून सारखं. तिरकं असेल किंवा डोळ्याच्या मध्यावर नसेल तर लाल. लाल दिसलं तर मशीन थोडं थोडं सरकवा, मान वाकडी करत बसू नका. घाई करू नका, इथे लागतो तेवढा वेळ लागू दे.

दोनतीनदा उघडझाप करा म्हणजे बुबुळावर पाणी पसरतं, मग डोळा सहज उघडा ठेवून बटण दाबा. एकेकदा दाबून ६ वेळा घेता येतं, किंवा बटण दाबून धरलं की ६ सलग होतात. सुरुवातीला एकेक बरं पडतं, मध्ये उघडझाप करता येते. हात बसल्यावर सलग घ्या. सहा झाले की लांब बीप येतो. आकडे आपापसात जुळले नाहीत तर मशीन स्वतःच पुन्हा घ्या म्हणतं, तेव्हा मुकाट्यानं पुन्हा घ्यायचं.

चुकतं कुठे

जवळजवळ सगळ्यांचं एकाच ठिकाणी चुकतं, पापणीत. प्रोब येतोय या भीतीनं आपण नकळत डोळा आवळतो आणि आवळलेल्या डोळ्याचं प्रेशर खरोखरच चढतं, म्हणजे मशीन चुकत नाही, आपणच वाढवून देतो. माझे पहिल्या दिवसाचे आकडे होते ३१, १४, २२, २७, तेही दहा मिनिटांत. मी रडकुंडीला आले होते. दुसरं म्हणजे पापणी बोटानं वर धरताना ते बोट डोळ्यावरच दाबलं जातं. पापणी धरायची असेल तर भुवईच्या हाडावर धरा, डोळ्याच्या गोळ्यावर अजिबात जोर द्यायचा नाही. तिसरं, श्वास रोखणं. मोजताना आपण सगळेच श्वास धरून ठेवतो, आणि जोर लावून धरला तर त्यानंही प्रेशर वाढतं, म्हणून हळू सोडत राहा.

एकच आकडा विचित्र आला आणि बाकीचे नेहमीसारखे, तर तो विचित्र आकडा हाताचा समजा. पुन्हा घेतल्यावर तसाच आला, तिसऱ्यांदाही तसाच, तर मग तो डोळ्याचा. पण चुकला वाटलेला आकडा पुसू नका, तो राहू द्या आणि बाजूला लिहा की डोळा आवळला होता. आपल्याला आवडणारे आकडे तेवढे ठेवायची खोड फार पटकन लागते.

कधी मोजायचं

आठवड्यातून एकदा दुपारी चार वाजता मोजून काही हाती लागत नाही. त्यापेक्षा चारसहा दिवस ठरवा आणि त्या दिवसांत चारपाच वेळा मोजा: उठल्याबरोबर, सकाळी उशिरा, दुपारी, संध्याकाळी, झोपायच्या आधी. मग काही आठवडे मशीन बंद. डॉक्टरांनी वेगळं वेळापत्रक दिलं असेल तर तेच खरं.

उठल्याबरोबरचं मोजमाप सगळ्यात मोलाचं. उठल्याबरोबर म्हणजे अगदी तसंच, चहा घेऊन, तोंड धुऊन, फोन बघून नाही. आडवं असताना डोळ्याच्या आतलं पाणी (अश्रू नव्हेत) ज्या शिरांत उतरतं त्या शिरांचा दाब वाढतो, म्हणून झोपेत डोळा निम्मंच पाणी तयार करत असूनही प्रेशर वर जातं, आणि आपण उठून बसलो की ते भराभर उतरायला लागतं. म्हणून मशीन उशाशी ठेवा, आदल्या रात्रीच प्रोबची नळी बाजूला काढून. होम टू मध्ये आडवं पडूनही मोजता येतं, जुन्या होममध्ये बसूनच. आडवं आणि बसून यांचे आकडे एका रांगेत लिहू नका, वेगळे ठेवा, नाहीतर डॉक्टर गोंधळतात.

आणि काचबिंदूच्या औषधाचे जे थेंब घालता त्यांची वेळ लिहिणं मोजण्याइतकंच गरजेचं. लॅटॅनोप्रोस्टसारखे रात्रीचे थेंब ८ ते १२ तासांनी सगळ्यात जोरात काम करतात. टिमोलॉल हे दुसरे थेंब, ते औषध दिवसा चांगलं काम करतं पण रात्री फारसं नाही, कारण ते पाणी तयार होणं कमी करतं आणि रात्री ते तसंही कमीच झालेलं असतं. आता हे माहीत असलं की तक्त्यात पहाटे चढलेला आकडा बघून डॉक्टरांना लगेच सुचतं की कुठला थेंब बदलायचा. माझ्या बाबतीत हेच झालं, एक थेंब बदलला आणि पहाटेचे २४ हळूहळू १७ वर आले. मोजायच्या लगेच आधी थेंब घालू नका, आधी मोजा मग घाला.

अजून काही नोंदी करा: त्या दिवशी झोप कशी झाली, एका दमात लिटरभर पाणी प्यायलात का (त्यानं तासाभरासाठी प्रेशर चढतं), कडक कॉफी, शीर्षासनासारखं डोकं खाली करून केलेलं काही. शीर्षासनात तर प्रेशर जवळजवळ दुप्पट होतं, काचबिंदूवाल्यांनी ते सोडूनच द्यावं. पोहण्याचा घट्ट गॉगलही तसाच. आणि कुठल्याही कारणानं स्टेरॉइड चालू झालं असेल, गोळी, इन्हेलर, नाकातला फवारा, चेहऱ्याचं क्रीम काहीही, तर ते ठळक लिहा. काही लोकांचं प्रेशर स्टेरॉइडनं काही आठवड्यांत बरंच वर जातं आणि त्यांना पत्ताच नसतो.

आकडा बघून काय करायचं

पुस्तकात १० ते २१ नॉर्मल लिहिलेलं असतं. ते विसरा. तुमच्यासाठी डॉक्टरांनी ठरवलेला आकडा, टार्गेट प्रेशर, तेवढाच बघायचा. कुणाची डोळ्यामागची नस १८ ला टिकते, कुणाची १४ लाही झिजते, आणि नॉर्मल टेन्शन ग्लॉकोमावाल्यांचं, म्हणजे प्रेशर नॉर्मल असूनही काचबिंदू झालेल्यांचं, तर सुरुवातीपासूनच २१ च्या खाली असतं. तुमचं टार्गेट माहीत नसेल तर पुढच्या भेटीत पहिला प्रश्न तो विचारा. एकेका पॉइंटला किंमत आहे, स्वीडनमधल्या एका मोठ्या अभ्यासात प्रेशर एक पॉइंटनं कमी झालं की आजार वाढायचा धोका साधारण १० टक्क्यांनी कमी होतो असं दिसलं होतं. पण ही किंमत महिनोनमहिन्यांच्या सरासरीला. मंगळवारी दुपारी १६ चा १८ झाला म्हणून घाबरायचं नाही, इतका फरक तर मशीनचा आणि हाताचाच असतो.

आकडा बघून थेंब वाढवायचे नाहीत आणि आकडा छान आला म्हणून थेंब बंदही करायचे नाहीत. छान आलाय तो थेंबांमुळेच. तीनदा नीट मोजूनही टार्गेटच्या बराच वर आणि दुसऱ्या दिवशीही तसाच, तर फोन करा. किती वर गेलं की फोन करायचा तो आकडा आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या म्हणजे रात्री अकरा वाजता डोकं चालवावं लागत नाही. फार कमी येणं पण चांगलं नाही, विशेषतः ऑपरेशन झालेल्या डोळ्यात ५-६ च्या खाली आलं तर कळवा.

आणि डोळा लाल होऊन भयंकर ठणकतोय, डोकं दुखतंय, उलटी होतेय, दिव्याभोवती रंगीत कडी दिसताहेत, नजर धूसर झालीय, यातलं काही अचानक झालं तर मशीन शोधत बसू नका. सरळ इमर्जन्सीला जा. तेव्हा आकडा काय आहे ते तिथले लोक मोजतील.

डॉक्टरांकडे जाताना चाळीस आकड्यांचा ढीग नेऊ नका. मशीन फोनला किंवा कॉम्प्युटरला जोडून त्याचा आलेख निघतो, तो काढा, त्यावर पेनानं थेंबांच्या वेळा लिहा. डॉक्टरांना पाच मिनिटंच असतात, त्यात आलेखावरची एक चढलेली रेघ जे सांगते ते माझ्या वहीची आठ पानं सांगू शकली नव्हती.

एक शेवटचं, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. याचं व्यसन लागतं. दुसऱ्या महिन्यात मी दिवसातून चौदा वेळा मोजत होते, १९ आला की जेवण जाईना, १५ आला की खरं वाटेना म्हणून पुन्हा. डोळा लाल झाला तो प्रेशरनं नव्हे तर सारखं प्रोब टेकवून टेकवून कोरडा पडून. शेवटी नवऱ्यानं मशीन स्वतःच्या कपाटात ठेवलं. आता ते दर तीन महिन्यांनी, तपासणीच्या आधीच्या आठवड्यात बाहेर येतं, आठवडा झाला की प्रोबची जागा मॅन्युअलमध्ये दिलीय तशी साफ करते, बॅटऱ्या काढून वेगळ्या ठेवते आणि ते परत त्याच्या शर्टांखाली जातं.